सूचना मी मांडली, आबा

आबा, तुमच्या शोकसभा दोन ठरल्या होत्या. एक तुमच्या गटाच्या ऑफिसात आणि दुसरी रस्ता ओलांडला की समोरच्या ऑफिसात. दोन्हीकडे तोच निळा झेंडा, तोच तुमचा फेटा बांधलेला फोटो, आणि वेळसुद्धा तीच, रविवारी सकाळी. तुम्ही असता तर मिशीतल्या मिशीत हसून म्हणाला असता, "बघ पोरी, केवढा मोठा माणूस होतो मी." आणि मी म्हटलं असतं, "मोठा नाही आबा, भांडखोर."

सासऱ्याशी असं बोलणारी सून मनमाडमध्ये कुणी खपवून घेतली नसती. तुम्ही घेतलीत. एवढंच नाही, तर मी एखाद्या दिवशी गप्प राहिले की "आज विरोधी पक्ष संपावर का?" असं विचारायचात. आता घरात विरोध करायला कुणी उरलं नाही. सिद्धार्थ तुमचा मुलगा असून अजिबात भांडत नाही, ते तुम्हाला माहीतच आहे.

टोकियोच्या ओजिमा भागातल्या आमच्या घरात दुपारी जेवून आडवे झालात आणि उठलाच नाहीत. तुमचा चष्मा अजून फ्रीजवर आहे. मी तो उचलते, पुसते आणि परत तिथेच ठेवते. तुमची नात ओवी शाळेतून आली की दप्तर टाकता टाकता तुमच्या खोलीत डोकावते, मग आठवतं तिला, आणि ती हात धुवायला जाते.

इथल्या स्मशानात अस्थी घरच्यांनीच उचलायच्या असतात, लांब काठ्यांनी. पण एकट्यानं नाही. दोघांनी मिळून एकच अस्थी धरायची आणि भांड्यात ठेवायची. मी आणि सिद्धार्थ समोरासमोर उभे राहिलो. त्याच्या काठीवरून अस्थी घसरत होती, म्हणून मी माझी काठी खालून लावली. तिथला गणवेशातला माणूस मान लववून "हो, असंच" म्हणाला. त्या क्षणी माझ्या मनात काय आलं सांगू? सूचक आणि अनुमोदक. हसू नका. तुमच्या घरात इतकी वर्षं काढल्यावर दुसरं काय येणार?

आपली पहिली भेट आठवते का तुम्हाला? सिद्धार्थनं मला मनमाडला आणलं होतं. पुण्यातल्या माझ्या घरी सिद्धार्थचं नाव काढल्यापासून माझं लग्न हा विषय बंद झाला होता, आणि तुमच्याकडे काय होईल याची धास्ती होती. मी दारात "नमस्कार" म्हटलं, तुम्ही "जयभीम" म्हटलंत, आणि मग दोघंही अवघडून उभे राहिलो. चहा आला. तुम्ही खाकरलात, उभे राहिलात आणि भाषणाच्या आवाजात म्हणालात, "आजच्या या चहाचं अध्यक्षपद पुण्याहून आलेल्या आपल्या पाहुण्या कुमारी मृणाल यांनी स्वीकारावं, अशी मी सूचना मांडतो." मला काही कळेना. सिद्धार्थ खाली मान घालून पुटपुटला, "माझं अनुमोदन आहे." मग तुम्ही मला खोलीतल्या एकमेव हाताच्या खुर्चीवर बसवलंत आणि स्वतः सतरंजीवर बसलात. माझ्या लग्नाचा विषय ज्या बैठकीत निघणार होता, तिची अध्यक्ष मीच. त्या दिवशी मी मनातून तुमची झाले, आणि हे मी तुम्हाला कधीच सांगितलं नाही.

नंतर मात्र मला त्या प्रकाराचा वैताग यायला लागला. इथे यायचात तेव्हा ओवीच्या वाढदिवसाला अध्यक्ष, दिवाळीच्या फराळाला अध्यक्ष, पावभाजीच्या दिवशी अध्यक्ष. सूचना तुमची, आणि अनुमोदन ओवीचं. मराठीत विचारलं तरी जपानीत उत्तर देणारी माझी मुलगी, पण हा एक शब्द कसा चोख शिकली! "अनुमोदन देस्!" असं जपानी शेपूट लावून हात वर करायची आणि तुम्ही खूश व्हायचात. मी म्हणायचे, "आबा, भाजी गार होतेय. हे नाटक कशाला?" तुम्ही म्हणायचात, "नाटक नाही. एकानं नाव घ्यायचं आणि दुसऱ्यानं त्याच्या पाठीशी उभं राहायचं. दुसरा नसेल तर पहिल्याला किंमत नाही." मी ते वाक्य तेव्हा कानाआड केलं.

आपलं खरं भांडण वेगळंच होतं. तुमच्या रिपब्लिकन पक्षाचे राज्यात गट किती, हे तुम्हालाही बोटावर मोजून सांगता यायचं नाही. दर निवडणुकीआधी मुंबईत नेते एका मंचावर यायचे, हातात हात घालून उंच करायचे, ऐक्य झालं म्हणून तुम्ही मनमाडात पेढे वाटायचात. जागावाटप झालं की मंच मोडायचा. मुंबईच्या नेत्यांना तुम्ही खूप नावं ठेवायचात. आणि मी विचारायचे, "आबा, ते राहू द्या. तुमच्या गल्लीत दोन ऑफिसं का?"

तिथे तुमचा चेहरा मिटायचा. समोरचं ऑफिस भास्करकाकांचं. तुमचे लहानपणापासूनचे मित्र. एका सायकलवर दोघं सभांना जायचात, एकानं बादली धरायची आणि दुसऱ्यानं भिंत रंगवायची. सिद्धार्थ लहानपणी दुपारचा त्यांच्याच घरी जेवायचा, ते एका दिवसात बंद झालं, आणि का ते त्या पोराला कुणी सांगितलं नाही. नगरपालिकेला दोन्ही गटांनी उमेदवार उभे करायचे, दोन्ही पडायचे, आणि तिसराच गुलाल उधळायचा. हे वर्षानुवर्षं. मी विचारलं की तुमचं ठरलेलं उत्तर, "तत्त्वाचा प्रश्न होता." कोणतं तत्त्व, आबा? "तुला नाही कळायचं. तू मत तरी देतेस का? इथे तुला मत नाही, तिथे मतदानाला जात नाहीस. मग तू आहेस कुठली?"  

गेल्या खेपेला तुम्ही आलात तेव्हा इथे वॉर्डाच्या निवडणुका होत्या. तुमच्या अंगात वारंच शिरलं. पहिल्या दिवशी मला हाताला धरून बागेपाशी नेलंत. तिथे सरकारनं पोस्टरसाठी मोठा फळा उभा केला होता, त्यावर आकडे घातलेले चौकोन, आणि प्रत्येक उमेदवाराला एकच चौकोन. "सगळ्यांना सारखाच?" तुम्ही विचारलंत. "पैसेवाल्यालापण?" हो म्हटल्यावर तुम्ही फळ्याला हात लावून पाहिलंत. आयुष्यभर भिंती आदल्या रात्रीच चुना मारून अडवून ठेवणारे तुम्ही. मग मी सांगितलं की इथे मत मागायला कुणाच्या दारावर जाता येत नाही, कायद्यानं बंदी आहे. तेव्हा मात्र तुम्ही माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलंत, जणू मी टोकियोत भात मिळत नाही असं सांगितलं. "दारावर जायचं नाही? मग माणूस ओळखायचा कसा?"

आणि मग तुम्हाला ओगावा-सान सापडले. स्टेशनच्या तोंडाशी सकाळी उभे राहणारे, साठीच्या आसपासचे, पांढरे हातमोजे, अंगावर नावाचा पट्टा, पाठीशी कुठलाही मोठा पक्ष नाही. ते बोलायचे आणि लोक त्यांच्या बाजूनं वाहत्या पाण्यासारखे निघून जायचे. तुम्हाला ते बघवेना. "बोलणाऱ्याच्या समोर एक तरी माणूस पाहिजे," म्हणालात आणि दुसऱ्या दिवसापासून रोज त्यांच्या समोर जाऊन उभे राहायला लागलात, कानटोपी घालून, हात मागे बांधून. एक अक्षर कळत नव्हतं. ते थांबले की टाळी वाजवायचात. संध्याकाळी मी त्यांचं पत्रक वाचून दाखवायचे. जुन्या इमारतींना लिफ्ट, पाळणाघरं, म्हाताऱ्यांसाठी बस. तुम्ही म्हणायचात, "बरोबर बोलतोय. मला वाटलंच होतं."

निवडणुकीच्या आठवड्यात तुम्ही बॅगेतून शाल काढलीत. मनमाडहून आणलेली, पिशवीसुद्धा न फोडलेली, कुणाचा तरी सत्कार करायला लागेल म्हणून आणलेली. नारळ तुम्हाला इथल्या आपल्या किराणा दुकानात मिळाला. मी ऑफिसला निघाले होते, स्टेशनवर पोचले तर काय! तुम्ही शाल उलगडून ओगावा-सानांच्या खांद्यावर टाकायला निघालेले, आणि ते दोन्ही हात समोर धरून, वाकत वाकत मागे सरकतायत. तुम्हाला वाटलं, संकोच करतोय. आपल्याकडे सत्कारमूर्ती आधी नाही म्हणतोच. म्हणून तुम्ही आणखी पुढे. त्यांच्याबरोबरची बाई धावत आली. मी धावले. मला त्या दोघांची मिळून इतक्यांदा माफी मागावी लागली की माझी गाडी चुकली. मग तुम्हाला समजावलं, "आबा, उमेदवाराला भेट घेता येत नाही, आणि आपण परदेशी, आपल्याकडून तर मुळीच नाही. त्यांची उमेदवारी अडचणीत येईल."

"शाल म्हणजे काय लाच आहे?" तुम्ही चिडलात. थोडं चालून गेल्यावर म्हणालात, "पण बरोबर आहे त्याचं. आपल्याकडे असा नियम केला तर पुढाऱ्यांना थंडी वाजेल." मी रस्त्यात हसत सुटले. नारळाची बर्फी केली, शाल कपाटात गेली. आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही समोर उभे राहिलात तेव्हा ओगावा-सानांनी भाषणाआधी तुम्हाला कमरेत वाकून नमस्कार केला, हे घरी येऊन तुम्ही सगळ्यांना सांगितलंत. मनमाडलाही फोन करून सांगितलंत.

ते पडले. मी सकाळी फोनवर निकाल पाहिला आणि तुम्हाला सांगितलं. तुम्ही कानटोपी घातलीत. "आता कुठे आबा? संपली निवडणूक." तरी गेलात. परत आलात ते बराच वेळ बूटसुद्धा न काढता दारातल्या पायरीवर बसून राहिलात. चहा तसाच पडला.

"आला होता गं तो," तुम्ही म्हणालात. "पट्टा नाही, माइक नाही. नुसता उभा होता, येणाऱ्या-जाणाऱ्याला वाकत. हरल्याच्या दुसऱ्या दिवशी माणूस त्याच जागी कसा काय येतो?"

"इथे येतात आबा पुष्कळ जण."

"मला नाही जमलं."

मग तुम्ही सांगितलंत. मी बाजूला बुटांच्या कपाटाला टेकून ऐकत होते. तालुकाध्यक्षाची निवड, समाजमंदिर भरलेलं, सगळं आधी ठरलेलं. एकानं तुमचं नाव सुचवायचं आणि भास्करकाकांनी अनुमोदन द्यायचं. नाव सुचवलं गेलं. आणि हॉल गप्प झाला. तुम्ही भास्करकाकांकडे पाहिलंत, ते खाली बघत बसले होते. मग मागून कुणीतरी भास्करकाकांचंच नाव घेतलं, आणि त्याला अनुमोदन द्यायला बाकं वाजली. तुम्ही उठून बाहेर आलात. काही दिवसांत समोर दुसरं ऑफिस उघडलंत, बोर्ड रंगवलात आणि लोकांना सांगितलंत, तत्त्वाचा प्रश्न आहे.

"त्यांनी मुद्दाम केलं का?" मी विचारलं.

"ते मी कधी विचारलंच नाही."

"मग आता विचारा! फोन लावून देऊ?"

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. त्या नजरेत मला पहिल्यांदा भीती दिसली. "आणि तो म्हणाला की घाबरलो होतो, चुकलं माझं, तर? मग माझ्या मागून जे आले त्यांना मी काय सांगू? माझ्या शब्दावर त्यांनी सोयरिकी मोडल्या, पोरी."

मी सोडलं नाही. माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. जेवताना, भाजी निवडताना, विमानतळाच्या बसमध्येसुद्धा मी तेच टुमणं लावलं. शेवटी तुम्ही म्हणालात, "पुढच्या खेपेला. इथूनच करू फोन. लांबून बोलायला बरं पडतं." या खेपेला आलात तेव्हा मी आठवण केली. "करू की, आजच्या आज काय घाई आहे," म्हणालात. मीही म्हटलं, ठीक आहे, दम खाऊ द्या म्हाताऱ्याला. तो फोन राहिलाच.

म्हणून दोन शोकसभांचं कळलं तेव्हा माझं डोकं फिरलं. तुमच्या गटाचे चिटणीस विलासभाऊ फोनवर रडत होते, आणि रडता रडता म्हणाले, "वहिनी, तुमच्या तिकडच्या सभेचा व्हिडिओ समोरच्यांना द्यायचा नाही हां. आबा आमचे होते." थोड्या वेळानं समोरच्या ऑफिसातल्या एका मुलाचा फोन, "भास्करकाका म्हणतात, आम्हीपण सभा घेतोय. तुमच्या तिकडच्या कार्यक्रमाची लिंक मिळेल का?" सिद्धार्थ म्हणाला, "होऊ दे ना दोन. आबांना आता काय फरक पडतो?" मी म्हटलं, "मला पडतो."

सॉफ्टवेअरवाली सून केलीत, तिचा एक तरी उपयोग व्हावा. मी लिंक एकच पाठवली, दोन्हीकडे.

आपल्या इमारतीखालचा छोटा हॉल घेतला. पाच-सहा घरची माणसं, शेजारच्या जपानी आजी, आणि मागे अगदी दाराशी ओगावा-सान. त्यांना कुणी कळवलं मला माहीत नाही, बहुधा आजींनी. काळा कोट घालून आले होते. पुढे एक हाताची खुर्ची रिकामी ठेवली, तिच्यावर ती शाल घातली, बाजूच्या टेबलावर तुम्ही, पांढऱ्या कापडातल्या डब्यात. भिंतीवर पडदा लावला. मनमाड दिसायला लागलं. दोन चौकोन, शेजारी शेजारी, अगदी सारखे. एकात विलासभाऊ आणि मंडळी, दुसऱ्यात भास्करकाका आणि मंडळी. दोघांच्या मागे निळा झेंडा. मी भास्करकाकांना पहिल्यांदाच पाहत होते. केवढे वाळलेत, आबा. तुमच्यासारखीच कानटोपी घालतात.

आणि सुरुवातीलाच नको ते झालं. दोन्ही चौकोनांतून एकदम दोन माणसं उठली आणि एका सुरात म्हणाली, "आजच्या शोकसभेचं अध्यक्षपद..." दोन्ही आवाज एकमेकांवर आपटले. विलासभाऊ म्हणाले, "वहिनी, त्यांना सांगा, अध्यक्ष आमचे." तिकडून कुणी ओरडलं, "वयानं मोठे काका आहेत!" सिद्धार्थनं डोळे मिटून घेतले. ओवी माझ्याकडे बघत होती.

मी उभी राहिले. आयुष्यात कधी सभेत बोलले नव्हते, तुम्हाला माहीत आहे. पण तुमचंच वाक्य होतं, ते तोंडपाठ होतं.

"आजच्या सभेचं अध्यक्षपद आमच्या आबांनी, किसनरावांनी स्वीकारावं, अशी मी सूचना मांडते."

 विलासभाऊ गोंधळले. "वहिनी, असं कुठं असतं का?"  सिद्धार्थनं तोंड उघडलं, मी त्याच्या दंडावर हात ठेवला. ओवीचा हात निम्म्यावर आला होता, तिला मानेनंच नको म्हटलं. मी फक्त त्या एका चौकोनाकडे बघत राहिले. भास्करकाका खाली बघत होते.  मला वाटलं, मी हे काय करून बसले. समाजमंदिरात एकदा झालं ते पुरे नव्हतं का? आता तुम्हाला सगळ्या जगासमोर पुन्हा तसंच बसवलं मी.

मग ते काठी टेकत उठले. कानटोपी काढली. त्यांचे ओठ हलले. आवाज नाही. पुन्हा हलले. नुसतेच ओठ, आणि गालावरून पाणी. मागून ओवीच ओरडली, "आजोबा, म्यूट! म्यूट आहे!" तिकडच्या मुलानं घाईघाईनं पुढे वाकून काहीतरी दाबलं. खरखर झाली.

"किसनच्या नावाला," भास्करकाका म्हणाले, आणि थांबले, आणि परत म्हणाले, "किसनच्या नावाला माझं अनुमोदन आहे."

विलासभाऊंनी तोंडाला रुमाल लावला. मागे ओगावा-सानांनी, एक अक्षर कळलेलं नसताना, टाळी वाजवली, अगदी तुम्ही वाजवायचात तशी. मी दोन्ही चौकोनांना विचारलं, आणखी कुणाचं नाव आहे का. कुणाचंच नव्हतं.

तुम्ही बिनविरोध निवडून आलात, आबा.